रजोनिवृत्ती : आहार हवाच, पण औषधाला भिऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत रजोनिवृत्तीवरचा लेख वाचला. इंदूरच्या मराठी घरांतून आजही ‘पाळी गेली’ हे शब्द दबक्या आवाजात बोलले जातात, म्हणून हा विषय आपण घेतलात याबद्दल मनःपूर्वक आभार. मात्र आहार नीट ठेवला की औषधाची गरजच उरत नाही, हे त्यातले म्हणणे मला मान्य नाही.

वयाच्या ४७व्या वर्षी मला वाफा, म्हणजे अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा, सुरू झाल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवात पन्ह्याचे पेले भरता भरता पाठीवर ब्लाऊज चिकटला, तेव्हा सगळ्याजणींनी उन्हाला बोल लावला. पण डिसेंबरात घरची माणसे रजया ओढून झोपलेली असताना मी रात्रीतून तीनदा उठून उघड्या खिडकीशी उभी राहू लागले. तरी दीड वर्ष मी सोयाबीनचे पीठ आणि जवस यांवरच काढले. इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातले हॉर्मोन घटले की शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतले केंद्र जराशा उष्णतेनेही बिथरते, आणि सोयाबीनचा त्यावर सर्वांनाच उपयोग होतो असे अभ्यासांतून दिसलेले नाही, हे मला डॉक्टरीणबाईंनी पुढे समजावले.

मी त्यांच्याकडे उशिरा गेले ते ‘हॉर्मोन्स म्हणजे कॅन्सर’ या धास्तीने. ही धास्ती मुख्यतः २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा एक भाग थांबवला गेला तेव्हापासूनची आहे. त्यात एकत्रित हॉर्मोन घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण अधिक आढळले होते. पण सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट आपल्यापर्यंत फारशी पोहोचलीच नाही. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत हा हॉर्मोनचा उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा लाभ अधिक असतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा आजार असलेल्या स्त्रियांसाठी मात्र तो सहसा नसतो. त्यांना हॉर्मोनविरहित औषधे असतात. पिशवी काढलेली नसेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हॉर्मोनही घ्यावे लागते, त्यामुळे मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणणे सर्वथा चूक आहे. मला तपासण्यांनंतर उपचार सुरू झाला आणि महिन्याभरात सलग झोप लागू लागली.

आहाराचे मोल मी कमी लेखत नाही. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने विरळ होतात आणि दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीतून त्यातले साधारण ३५० मिळते, म्हणून दूध, दही, तीळ यांची जोड हवीच. सकाळच्या पोह्यांवर भागवणाऱ्या आपल्या घरांनी याचा विचार करावा. आणखी एक, जे मला कोणी सांगितले नव्हते : मी थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटात घेत असे, त्यामुळे थायरॉईडचे औषध अंगी लागत नव्हते. दोहोंत चार तासांचे अंतर हवे.

आपल्याला एकच विनंती आहे. बारा महिने पाळी न आल्यानंतर थोडासाही रक्तस्राव झाला तर ‘उष्णता पडली’ असे म्हणून घरी न थांबता त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी, एवढे तरी पुढच्या पुरवणीत ठळक अक्षरांत छापावे.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर