इसार देऊन बसले

ती. आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे. मानेवाड्याच्या घराचा इसार मी मागच्या शुक्रवारी देऊन टाकला. काय रागवायचं ते रागवून घ्या.

हो, तेच नोटीस लागलेलं घर. कलम 53 ची नोटीस, अनधिकृत बांधकाम काढा म्हणून. बाबा म्हणतील, दुसऱ्याचं दुखणं विकत घेतलं. पण त्या दुखण्यामुळेच ते मला परवडलं. प्लॉटचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे, त्यासाठी मागितलेली रक्कम, ती डिमांड, भरलेली आहे, फाइल मी स्वतः पाहिली. भानगड फक्त बांधकामाची. बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत, जिना काढलाय आणि त्याला लागून न्हाणीघर. तिथून सायकलसुद्धा हँडल वळवूनच न्यावी लागते. आर्किटेक्टने टेप लावून पाहिलं. जिना दंड भरून बसेल म्हणतो, न्हाणीघर पाडावंच लागेल. ते पाडणार, सुधारित नकाशा मंजूर करून घेणार, भोगवटा प्रमाणपत्र हातात आलं की मगच विकणार. रंग मारून पुढच्याच्या गळ्यात मारायचं नाही. माहीत असलेला दोष विकणाऱ्याने लपवू नये असं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही आहे, पण त्याची गरज नव्हती. जुनी लूना विकताना गिऱ्हाइकाला आधी तिचा ढिला ब्रेक दाखवणाऱ्या माणसाची मुलगी आहे मी.

पैशाचं म्हणाल तर तुमच्या एफडीला हात लावलेला नाही, नंदनवनचं घर कुठे गहाण नाही. अशा घरावर बँक कर्ज देत नाही, म्हणून थोडं पगारावर काढलं, बाकी माझं साठवलेलं. माझ्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटीही एक टक्का कमी. पूर्वी असं घर 15 वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट 2023 मध्ये निघाली. म्हणजे अगदीच डोळे मिटून उडी मारली नाही ना?

आता जड जाणारी गोष्ट. नकाशे वाचायला लागल्यापासून आपली गच्चीवरची खोली सारखी आठवते. ती नकाशात नाही ना, बाबा? दहावीला मी तिथेच अभ्यास करायची. मे महिन्यात पत्रा तापला की आई वर ओली चादर अंथरायची, अर्ध्या तासात ती पापडासारखी वाळायची. तुमचं काही चुकलं असं म्हणत नाही. तेव्हाच्या पगारात तीन पोरांना अभ्यासाला जागा तशीच होणार होती. मला फक्त जुना मंजूर नकाशा पाहायचा आहे, उद्या तुम्हाला कोणी दारात येऊन काही बोलू नये म्हणून.

तो माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आहे. बाबा, स्टुलावर चढायचं नाही! कूलरचा प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही, वाळ्याच्या ताट्या बदलायला माणूस परवा येईल, त्याच्याशी पन्नास रुपयांवरून वाद नको. बीपीची गोळी चहाआधी. आई, भाजीला अकराच्या उन्हात जाऊ नकोस, सांबारवडी नाही झाली तरी चालेल.

शनिवारी सकाळी पोचते. पेटी मीच उघडेन. किल्ली आईच्या शिवणाच्या डब्यात आहे, मला माहीत आहे.

तुमची
छोटी