हाम्बुर्गच्या ताईंना, बाबांच्या वतीने

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले होते, पण बाबांना ते पुरेसे वाटले नाहीत. “चार लोकांत सांग,” म्हणाले. म्हणून हे जाहीर पत्र.

सांगलीत पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करण्यात बाबांची हयात गेली. संगीत नाटकवाल्यांचे पायानं भाता मारायचे ऑर्गनही त्यांनी खोलून जुळवलेत. नळ्यांचा ऑर्गन मात्र कधी पाहिला नव्हता. तसा ऑर्गन असलेल्या, जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चच्या गायनवृंदात तुम्ही गाता, एवढ्याच धाग्यावर मी तुम्हाला गाठलं आणि तुम्ही अख्खी दुपार आमच्यासाठी काढलीत.

आर्प श्निटगरनं १६९३ साली पुरा केलेला तो ऑर्गन. चार हातपट्ट्या, खाली पायपट्टी, साठ स्टॉप (म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचे नळ्यांचे संच), चार हजारांच्या आसपास नळ्या. बाबांना आकड्यांचं फारसं काही वाटलं नाही. सोळा फुटी नळ्या म्हणजे खर्ज, आठ फुटी नर, चार फुटी मादी, असा पेटीतल्या खालच्या, मधल्या, वरच्या सुरांचा हिशेब त्यांनी जागीच लावला आणि तुम्ही तो तिथल्या वादकांना न हसता समजावलात! मग वादकांनी पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, दाबली आणि बाबा दचकले. “ही पांढरी दोन बोलतेय.” बरोबरच होतं, त्या ऑर्गनची पट्टी आजच्यापेक्षा जवळजवळ एक स्वर चढी आहे. पण त्यांना खरा लागला तो गांधार, म्हणजे ‘ग’. पेटीच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला, तंबोऱ्यातून आपोआप उमटतो त्याच्या जवळचा. पेटीचा गांधार चढा म्हणून गवयांची बोलणी आयुष्यभर खाल्लेला माणूस. तो स्वर त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवून घेतला आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

१७२० साली थोर जर्मन संगीतकार बाखनं तिथल्या ऑर्गनवादकाच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि नोकरी मिळाली ती चर्चला चार हजार मार्क देणाऱ्या हाइटमानला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “म्हणजे तिथंही.”

दर्शनी नळ्या १९१७ साली लढाईसाठी वितळवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात मात्र कुणीतरी वेळेवर नळ्या उतरवून सुरक्षित जागी नेल्या. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळलं, ऑर्गनचं लाकडी घर गेलं, जुन्या नळ्या वाचल्या. यूर्गन आरेंट या ऑर्गन-कारागिरानं १९९३ पर्यंत सगळं पुन्हा उभं केलं. नवी नळी कुठली, जुनी कुठली, हे बाबा विचारत राहिले आणि तुम्ही प्रत्येक वेळी वादकांना विचारून सांगत राहिलात. कारागिराला असं बरोबरीनं वागवणारं माणूस आम्हाला इथं क्वचितच भेटतं.

घरी आल्यापासून त्यांनी एका जुन्या पेटीचे गांधार घासून उतरवलेत. पांढरी एकचा सा धरला तर ती सुरेख बोलते, काळी चारचा धरला तर ऐकवत नाही. दिवाळीत भारतात आलात तर सांगलीला यायचंच, आणि गायचंही. पट्टी मात्र बाबा ठरवणार.

आपली,
पेटीवाल्यांची मुलगी