रविवारची बैठक : तुंबलेलं गटार आणि बंद दिवे

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या कार्यालयात बैठक आहे. मंगळवारी पालिकेचे अभियंते पाहणीला येणार आहेत, त्याआधी सगळ्यांच्या तक्रारी एकाच अर्जात यायला हव्यात. प्रत्येक घरातून एक जण यावाच.

मागच्या गेटजवळचं गटार तुंबून पाणी रस्त्यावर आलंय. शाळेची मुलं रोज विटांवर पाय ठेवत, तोल सांभाळत जातात. एखादं पडायची वाट बघायची का? फोन केला की "नोंद घेतली" एवढंच उत्तर मिळतं, त्यामुळे आता सगळं लेखी द्यायचं.

येताना आणा :

• आधीच्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख. क्रमांकाशिवाय पाठपुरावा होत नाही.
• जागा ओळखू येईल असा फोटो. दिवा बंद असेल तर खांबावरचा क्रमांक फोटोत स्पष्ट दिसू द्या.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन ती पोच ग्रुपवर टाकू.

एक काम मात्र आपल्याच हातात आहे. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंपं आणि कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासाच. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

कचऱ्याची पिशवी आदल्या रात्री बाहेर ठेवू नका, कुत्री फोडतात.

रविवारी जमणार नसेल तर तक्रार शनिवारी रात्रीपर्यंत सचिवांकडे लिहून द्या.

– व्यवस्थापन समिती