न टोचलेल्या इंजेक्शनांबद्दल आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीर लिहीत असलो तरी त्यात तुमचे नाव नाही आणि गावाचेही नाही. तुमचे नाव तुम्हीच नको म्हणालात. गावाचे मी गाळले, कारण गिधाडांची घरटी कोणत्या कड्यावर आहेत हे चारचौघांत सांगायचे नसते. सांगितले की पुढच्याच रविवारी कॅमेरे घेऊन मंडळी माथ्यावर हजर होतात आणि अंड्यावर बसलेला पक्षी उठून जातो. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच. इतरांनी एवढेच समजावे की सह्याद्रीतल्या एका तालुक्यात तुम्ही गुरांचे डॉक्टर आहात आणि मी त्याच तालुक्यातल्या एका कड्याखाली वही-दुर्बीण घेऊन बसणारा माणूस आहे.

वन्यजीव वाचवल्याबद्दल आभार मानायची वेळ आली की वनरक्षक, संशोधक आणि संस्था यांची नावे पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. गायी-म्हशींच्या डॉक्टरचे नाव त्या यादीत कुणी घालत नाही. मला ते घालायचे आहे, आणि तुम्ही जे औषध टोचायचे थांबवलेत त्यासाठी घालायचे आहे.

लांब चोचीचे गिधाड कड्याच्या कपारीत घरटे करते. खालून पाहणाऱ्याला आधी घरटे दिसत नाही. दिसतात ते कपारीखाली काळ्या खडकावर उतरलेले विष्ठेचे पांढरे ओघळ. नवखा माणूस पक्षी शोधत बसतो, सरावलेला ओघळ मोजतो. जिथे वस्ती चालू आहे तिथला ओघळ दर हंगामात नवा होतो, आणि जिथली जोडी गेली तिथला दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन निघतो. मी मोजणी सुरू केली तेव्हा कड्याच्या मधल्या पट्ट्यात असे ओघळ ओळीने होते. नंतरची माझी वही म्हणजे खडक कसकसा काळा होत गेला त्याची नोंद आहे. पाणवठा तोच होता, कडा तोच होता, कुणी झाड तोडले नव्हते की बंदूक चालवली नव्हती. अधिवास जागच्या जागी असताना पक्षी नाहीसा होत होता, आणि आम्ही पक्षीनिरीक्षक माना वर करून कड्याकडेच पाहत बसलो होतो.

आपल्या इथेच असे घडते आहे असा माझा समज होता. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी हीच घसरण नव्वदच्या दशकात नोंदवली होती. पुढे देशभरच्या मोजण्यांतून जे आकडे आले ते आजही लिहिताना हात अडखळतो: १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली, आणि लांब चोचीची व सडपातळ चोचीची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. आधी साथीच्या रोगाचा संशय होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून कारण दाखवून दिले. ते कारण जंगलात नव्हते, गोठ्यात होते. गुरांच्या दुखण्यावर, सुजेवर आणि तापावर सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि ते काही दिवसांत मरते.

हे सगळे मी वाचलेले होते. डोळ्यांनी पाहिले ते तुमच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. कड्याखालच्या आंब्यावर एक गिधाड तीन दिवस मान खाली टाकून बसले होते आणि चौथ्या दिवशी ते झाडाखाली पडलेले मिळाले. वनखात्याच्या लोकांनी पंचनामा केला आणि गाडीतून ते तुमच्याकडे आणले. तुम्ही हातमोजे चढवले, छातीखाली छेद घेतला, आणि सगळे जरा पुढे वाकलो. हृदयावर, यकृतावर आणि आतल्या आवरणांवर पांढरा, खडूच्या भुकटीसारखा थर बसला होता, जणू कुणी आतून चुन्याचा हात दिला होता. तुम्ही चिमट्याने तो थर खरवडला, बोटांवर चोळून पाहिला आणि म्हणालात, ‘युरिक आम्ल आहे. मूत्रपिंडाने काम सोडले की असे साठते.’ मग तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. हात धुताना जे बोललात ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले: ‘या तालुक्यात हे औषध सगळ्यात जास्त कुणी टोचले असेल तर मी.’

डॉक्टरसाहेब, माझे पहिले आभार या वाक्याचे आहेत. तुम्ही काही चुकीचे वागला नव्हता. बंदीपूर्वी औषध परवानाधारक होते, स्वस्त होते, गुणकारी होते, आणि त्याने पक्षी मरतात हे कळायला बराच काळ कुणालाच मार्ग नव्हता. ‘आम्हाला कुणी कळवले नाही’ असे म्हणून तुम्हाला मोकळे होता आले असते आणि कुणी बोट ठेवले नसते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबणेही चालून गेले असते. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी कपाटात शिल्लक असलेल्या बाटल्या काढून त्यांची नोंद केलीत, आणि आठवड्याच्या आत दूध संकलन केंद्रावर सकाळच्या रांगेत उभे राहून लोकांना तेच सांगितलेत जे हात धुताना मला सांगितले होते. भाषणाची सुरुवात जटायूपासून करायची आपल्याकडे पद्धत आहे. तुम्ही ती पाळली नाहीत, याचेही मला तेव्हा फार बरे वाटले होते. पौराणिक पक्ष्याला नमस्कार करून लोक घरी जातात. तुम्ही त्यांच्या ओळखीच्या बाटलीबद्दल बोललात, म्हणून ते थांबले.

तुमचा त्या दिवशीचा एक मुद्दा मी नंतर अनेक ठिकाणी उसना घेऊन वापरला आहे. कुणीतरी विचारले होते की एवढ्या गुरांमधून इंजेक्शन दिलेली किती असणार, आणि त्यांतली मरणार किती. तुम्ही म्हणालात की वेदनाशामक धडधाकट जनावराला कुणी देत नाही. ते दिले जाते आजारी जनावराला, आणि मरते तेही आजारीच जनावर. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत जनावर दगावले तर औषध त्याच्या यकृतात, मूत्रपिंडात आणि टोचलेल्या जागी असतेच. शिवाय गिधाड एकटे जेवत नाही. एक उतरले की आसपासची सगळी उतरतात, आणि एका मेलेल्या गायीवर अख्खा थवा बसतो. शास्त्रज्ञांनी मांडलेले गणितही हेच सांगते की शंभरांतल्या एकाहून कमी मृत जनावरांत जरी घातक प्रमाणात औषध असले, तरी झाली तेवढी घसरण व्हायला ते पुरेसे होते. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. गेलेले भरून काढायची घाई त्यांच्या स्वभावात नाही.

भारताने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबवले आणि त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. कागदावर प्रश्न तिथे मिटला. प्रत्यक्षात माणसांसाठीचे तेच औषध तीस मिलिलिटरच्या मोठ्या कुप्यांत दुकानादुकानांत मिळत होते, आणि माणसाला एका वेळी तीन मिलिलिटरच लागते हे ठाऊक असूनही त्या कुप्या कुणासाठी खपत होत्या हे विकणाऱ्यालाही कळत होते. २०१५ मध्ये तीन मिलिलिटरहून मोठ्या कुपीवर बंदी आली. मधली नऊ वर्षे, निदान आपल्या तालुक्यात, तुम्ही स्वतःच्या पायांनी भरून काढलीत. एका औषध दुकानदाराने ‘तुम्ही गुरांचे बघा, मी गिऱ्हाइकांचे बघतो’ असे तुम्हाला सुनावले होते, हे मला तुमच्या मदतनिसाकडून कळले. तुम्ही कधी बोलला नाहीत. तरीही तुम्ही दर महिन्याला त्या दुकानात जात राहिलात आणि शेवटी त्याने मोठ्या कुप्या मागवणे सोडले.

त्याहून कठीण गोठ्यातले काम होते, असे माझे मत आहे. जुन्या औषधाने बैल संध्याकाळपर्यंत उभा राहतो आणि नव्याने राहत नाही, ही लोकांची तक्रार मी स्वतः तुमच्यासमोर ऐकली आहे. एका म्हाताऱ्या बैलाच्या वेळी मी तुमच्याबरोबर होतो. मालकाच्या डोळ्यांत पाणी होते आणि जनावराला सुटेल तेवढे सुटू दे, पूर्वीचेच इंजेक्शन द्या, असा त्याचा आग्रह होता. तुम्ही मेलॉक्सिकॅम भरले, बैलाच्या मानेवर हात फिरवत ते टोचले, आणि मालकाला म्हणालात की दुखणे याने उतरेल, पण बैल वाचणार नाही, आणि उद्या तो जिथे टाकाल तिथे जे येतील त्यांनाही त्रास व्हायला नको. मालक काही क्षण गप्प राहिला. मग त्याने विचारले, ‘अजून येतात का ती?’ तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मी सांगितले की येतात, पण थोडी.

आपली भाषासुद्धा या पक्ष्याच्या बाजूची नाही. गिधाडासारखे टपून बसणे ही आपल्याकडे शिवीच आहे. ज्याचे रूप कुणाला आवडत नाही, ज्याच्या नावाने देणगी मिळत नाही आणि ज्याचे जेवण पाहवत नाही, त्याच्यासाठी एका शेतकऱ्याला त्याच्या दुःखाच्या वेळी थांबवणे सोपे नसते. गिधाडे गेल्यावर उघड्यावरची मढी कुत्र्यांच्या वाट्याला गेली, आणि गिधाडांचा वावर असलेल्या जिल्ह्यांत माणसांचे मृत्यू कसे वाढले याचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे; पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा तो आहे. तुम्ही हा युक्तिवाद कधी पुढे केला नाहीत. पक्षी मरू नये एवढे कारण तुम्हाला पुरले.

२०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या आणखी दोन वेदनाशामकांवरही गुरांसाठी बंदी आली, तेव्हा ती बातमी घेऊन मी मोठ्या उत्साहाने तुमच्याकडे आलो होतो. असिक्लोफिनॅकचे गायीच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते, हे मला त्या दिवशी नवे होते. तुम्ही ते कितीतरी आधी वाचून आपल्या कपाटातून काढून टाकले होते, आणि माझ्या उत्साहावर पाणी पडू नये म्हणून फक्त ‘चांगले झाले’ म्हणालात. सरकारी आदेश यायच्या आधी आपले कपाट तपासणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असता, तर हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात पिंजऱ्यांत पिल्ले वाढवायची वेळ आली असती का, असे मला राहून राहून वाटते. त्या केंद्राचे काम मोठेच आहे. तिथे जन्मलेले पक्षी आता मोकळे सोडले जात आहेत. परंतु सोडलेले गिधाड एका दिवसात कित्येक तालुके ओलांडते, आणि खाली उतरते तिथल्या गोठ्यात कोणती बाटली आहे यावर त्याचे पुढचे सगळे अवलंबून असते. म्हणूनच गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना शंभर किलोमीटरची त्रिज्या धरतात. त्या वर्तुळात जंगल थोडे आणि गोठे फार, हे मी नकाशा पुढे घेतला तेव्हा मला कळले.

हे सगळे तुमच्या एकट्यामुळे सावरले असे मी लिहिणार नाही. तसे लिहिलेले तुम्ही खोडून पाठवाल. कड्यावर पूर्वीचे वैभव परतलेले नाही. मधल्या पट्ट्यातल्या बहुतेक कपारी अजून काळ्याच आहेत. मात्र डाव्या बाजूच्या, पिंपळाच्या मुळाखालच्या कपारीत गेले काही हंगाम ओघळ पुन्हा पांढरा होतो आहे, आणि यंदा एप्रिलमध्ये तिथल्या पिल्लाने कपारीच्या काठावर येऊन अर्धा तास नुसतेच पंख हलवले, उडाले मात्र नाही. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा कपार रिकामी होती आणि वर आकाशात तीन पक्षी फिरत होते. त्यांतल्या एकाचे पंख अजून बेतानेच हलत होते.

ही नोंद मी वहीत केली, तेव्हा लक्षात आले की इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही त्या कड्याखाली येऊन बसलेला नाहीत. दर वेळी कुठल्या तरी गायीचे अडलेले असते. नव्या हंगामाची पहिली मोजणी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, उन्हे कड्यावर यायच्या आत सुरू करायची आहे. दुर्बीण आणू नका, माझ्याकडे दोन आहेत. फोन वाजला तर अर्ध्यातून उठून गेलात तरी चालेल. पिंपळाखालची कपार मी तुम्हाला आधी दाखवीन.

आपला कृतज्ञ,
कड्याखालचा वहीवाला