न दमता ‘दमलो’ म्हणणाऱ्या दादांना

बेलपाड्याच्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या पुतण्याच्या फोनवर येईल आणि तो ते तुम्हाला वाचून दाखवील, असं त्यानं कबूल केलंय. त्याला म्हणावं, मोठ्यानं वाच, ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मी मुद्दाम उघड्यावर लिहितेय. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जाऊन आलेले लोक भरभरून लिहितात. कुठल्या कातळटप्प्याला दोर लावला, किती तास लागले, कोकणकड्यावर तंबू कुठं ठोकले, सगळं असतं त्यात. पुढं चालणारा माणूस मात्र ‘स्थानिक वाटाड्या सोबत होता’ या चार शब्दांत आटोपतो. माझ्या खांद्यांचं दुखणं अजून गेलेलं नाही, कॅमेऱ्याच्या बटणांच्या फटीत नळीतली माती तशीच आहे, तेवढ्यात लिहून टाकते. नंतर माणूस शहाणा होतो आणि आभार मानायला लाजतो.

आधी थोडी भडास काढते, रागावू नका.

तुमच्याकडे यायच्या आधी मी याच वाटेला एका कंपनीबरोबर आले होते. नाव घेत नाही. जाहिरातीत ‘खास फोटोग्राफी ट्रेक’ लिहिलं होतं आणि खाली ‘इंद्रवज्र दर्शन’ (म्हणजे दरीतल्या धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य) असंही, जणू काही ते बुफेमध्ये मांडून ठेवणार होते. प्रत्यक्षात बसभर माणसं, पुढं एक शिट्टी, मागं एक शिट्टी. ओढ्यातले धोंडे चढताना मी कॅमेऱ्याला हात लावला की लीडर ओरडायचा, “मॅडम, फोटो वर गेल्यावर! मागं लाइन लागलीय!” पहिला कातळटप्पा आला तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत मला सांगितलं की तुमच्यामुळे गटाचा वेळ जातोय, तुम्ही या मुलाबरोबर खाली जा. मी खाली आले. पैसे परत मिळायचा प्रश्नच नव्हता. रात्री ग्रुपवर मेसेज पडला, ‘काही सदस्यांची पूर्वतयारी कमी पडली.’ काही सदस्य म्हणजे मी एकटीच. फोटो एकही नाही, कारण कॅमेरा सबंध वेळ बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला.

त्यामुळं मैत्रिणीनं तुमचा नंबर आणला, तेव्हा माझ्या मनात उत्साहापेक्षा धास्तीच जास्त होती. बरोबर मैत्रिणीची दोन मुलं, विशीतली, पायांना स्प्रिंग लावल्यासारखी. पन्नाशीतली बाई गळ्यात कॅमेरा अडकवून आली की अशा मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी चांगलं ओळखते. बोलत काही नाहीत बिचारी. नुसती थांबतात, आणि ते थांबणं आपल्याला ऐकू येतं.

वाट कशी आहे ते तुम्हाला मी काय सांगणार! पण वाचणाऱ्यांतल्या ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच, की मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून कोकणकडा समोर उभा दिसतो आणि त्याच्या कुशीतल्या घळीनं, म्हणजे नळीनं, हजार मीटरच्या वर चढून जायचं असतं. गडाची उंची 1424 मीटर आणि गाव पार खाली, कोकणात. खाली गाडीएवढे धोंडे, वर घसारा, म्हणजे सुटे दगड आणि माती, मधेमधे कातळ. कुणाच्या पायाखालून दगड सुटला की तो खालच्याच्या डोक्याकडेच निघतो. फोटो काढणाऱ्याची पंचाईत वेगळीच. नळीचं तोंड पश्चिमेकडं, त्यामुळं सकाळभर आत सावली आणि दोन्ही भिंतींमध्ये आकाशाची पांढरीफेक पट्टी. माणसाचा चेहरा नीट घ्यावा तर आकाश जळतं, आकाश सांभाळावं तर माणूस कोळसा. त्यात धाप लागलेली, हात थरथरणारे. डोंगर पहिल्यांदाच टिपायला निघालेल्या बाईनं सुरुवातीला ही नळी निवडू नये, असं कुणीही शहाणा माणूस सांगेल.

धोंडे संपून घळ अरुंद झाली, तिथं एका मोठ्या दगडापाशी तुम्ही थांबलात. डोक्याचा पंचा सोडलात, मान पुसलीत आणि म्हणालात, “दमलो जरा. टेकतो.” तुम्ही टेकलात, मुलं टेकली. मी कॅमेरा काढला. समोर वळणावरून घळीचा सगळा उतार बाजूनं दिसत होता. घसाऱ्याचा प्रवाहच्या प्रवाह खाली ओघळलेला, आणि वर भिंतीवर लाव्हाचे आडवे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले. मी निवांत काढत बसले. पुढं पुन्हा कुठंतरी, “थांबा, पाय भरले.” पुन्हा बसलात. पुन्हा समोर बघण्यासारखं काहीतरी. मला तर तुमची काळजी वाटायला लागली. मैत्रिणीला हळूच म्हटलंसुद्धा, यांना बीपी वगैरे नसेल ना?

आणि मुलं काय खूश! आपण गावच्या माणसाला दमवलं म्हणून छाती फुगलेली. धाकटा तर तुम्हाला पाणी द्यायला पुढं आला, “घ्या काका, सावकाश प्या.” तुम्ही घेतलंत, एक घोट प्यायलात, बाटली परत दिलीत. तेव्हा माझं लक्ष गेलं. तुमच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. काढलेली बिडी न पेटवता कानावर परत गेली होती. आणि तुम्ही टेकला होतात ती जागा वरून येणाऱ्या दगडांच्या माऱ्याबाहेर होती, आम्हाला सगळ्यांना नीट बसता येईल अशी, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या बरोबर समोर काहीतरी ठेवणारी. दर वेळी.

रात्री वर झोपडीत पिठलं-भाकरी खाताना मी तुमच्या पुतण्याला विचारलं, तर तो हसत सुटला. “काका? आन् दमत्यात? परवा दोर, पाण्याचे क्यान, सगळं पाठीवर टाकून ह्याच वाटेनं गेले वर. आम्हाला गाठता येईना.”

दादा, त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती थंडीमुळं नव्हे. “ताईंना फोटो काढायचेत, थांबूया” असं तुम्ही सरळ म्हणू शकला असतात. चांगलंच झालं असतं तेही. पण मग थांबणं माझ्या खात्यावर पडलं असतं. प्रत्येक फोटोगणिक मी चोरट्यासारखी घाई केली असती, मुलांकडे बघून “झालं हं, झालं” म्हटलं असतं आणि निम्मे फोटो हललेले आले असते. तुम्ही माझी मंद चाल उचलून आपल्या पाठीवर घेतलीत. वाटाड्या दमला म्हणून सगळे थांबले, त्यात बाईंनी चार फोटो काढले, एवढाच हिशोब. तुमच्या धंद्यात दमणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. तुमचं नाव तुमच्या पायांवर चालतं. विशीतल्या पोरांपुढं ते तुम्ही खुशाल खाली ठेवलंत, तेही एका अनोळखी बाईच्या हौसेसाठी.

बाकीच्या गोष्टींचेही आभार आहेत, ते भराभर मानते. कातळाला हात घालायच्या आधी “पट्टा गळ्यात नको, आपटतो” म्हणून तुमच्याच पंच्यानं कॅमेरा माझ्या पाठीला आवळून बांधलात. वरून खाली उतार दिसायचा नाही, बाजूनं काढा, हे तुम्ही सांगितलंत. नुसता डोंगर काढू नका, माणूस असू द्या, नाहीतर केवढा आहे ते कळत नाही, हेही तुमचंच. कुठल्या कातळावर दुपारी कधी ऊन उतरतं हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि त्या उन्हासाठी तुमचे पाय बरोबर भरून आले!

आणि इंद्रवज्राचं तुम्ही खरं सांगितलंत, त्याचे खास. मी विचारलं तर म्हणालात, “आत्ता नाय दिसायचं. दरीत धुकं पायजे, सूर्य पाठीला पायजे. पावसाच्या दिसांत या, सकाळचं.” संपला विषय. कडा पश्चिमेकडं तोंड करून उभा, म्हणजे सूर्य पाठीशी हवा तर सकाळच हवी, इतकं साधं गणित. ईस्ट इंडिया कंपनीतल्या कर्नल साइक्सनं आपल्या मुलखातल्या हवामानावर निबंध लिहिला, तो 1835 साली छापून आला. त्याच्या नावाबरोबर हे गोल इंद्रधनुष्य सांगितलं जातं. पण दरीत धुकं भरलं की ते बघणारी माणसं त्याच्या आधीपासून गुरं घेऊन वर जातच होती की. डिसेंबरात ‘दर्शन’ विकणाऱ्यांना हे माहीत नसेल असं नाही. माहीत असून विकलं, एवढंच.

त्या लीडरचा राग आता बराचसा गेला. बसभर माणसं घेऊन त्या घळीत शिरल्यावर तोही ओरडण्यावाचून काय करणार? पण एवढी माणसं भरलीच कशाला, हा प्रश्न उरतोच. आणि ग्रुपवरचा तो मेसेज कुणी त्याला जबरदस्तीनं लिहायला लावला नव्हता. लाज राखणं फुकट असतं. दुसऱ्याला कमीपणा न देता मदत करायला ना प्रमाणपत्र लागतं ना हेल्मेट. सह्याद्रीत कुणी अडकलं, घसरलं की शहरातून बचाव पथकं धावतातच, मोठ्या मनाची माणसं आहेत ती. पण ती पोचेपर्यंत दोर आणि बॅटऱ्या घेऊन पायथ्याच्या गावातली माणसं निघालेली असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा उल्लेख ‘ग्रामस्थांच्या मदतीने’. पुन्हा तेच, दोन शब्द.

ठरलेले पैसे तुम्ही मोजून घेतलेत आणि वरच्या नोटा बाजूला काढून “हे कशाचे?” असं विचारलंत. मी म्हटलं, दमण्याचे. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पुतण्याकडे डोळे वटारलेत. त्याला ओरडू नका. मला कळायला हवंच होतं.

फोटो छापून आलेत. मैत्रिणीचा थोरला पुढच्या रविवारी माळशेजमार्गे जुन्नरला चाललाय, तो पाकीट तुमच्या फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवील. मला स्वतःला सगळ्यात आवडला तो तुमच्या हाताचा. कातळाच्या फटीत चार बोटं खोवलेली, नखं दगडाच्याच रंगाची, मनगटाला काळा दोरा. पण तो घरी कुणाला आवडणार नाही, काकू म्हणतील हे काय काढलंय. म्हणून तुम्ही मोठ्या दगडावर पंचा मांडीवर टाकून बसलात तो मोठा करून घेतलाय. त्यात तुम्ही जे काही दमलेले दिसताय, त्याला तोड नाही.

भिंतीला लावणार असाल तर ओल धरणाऱ्या भिंतीला नको, पहिल्याच पावसात बुरशी येईल. काच मी बसवलेली नाही, वाटेत फुटली असती. मुरबाडला बसवून घ्या आणि पावती पुतण्याकडून मला पाठवा. काकूंना नमस्कार सांगा, आणि त्यांच्या सुकटीच्या चटणीत नेमकं काय घालतात तेही विचारून ठेवा.

आपली,
डोंबिवलीची ताई