क्रूझच्या लेखात जहाजाची मापेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आलिशान क्रूझ सफरींवर पानभर लेख आला होता. जिन्यावरचे झुंबर, गच्चीवरचा तलाव, मध्यरात्रीचे बुफे, कप्तानाबरोबरचे जेवण, सगळे त्यात होते. नव्हते ते एवढेच, की जहाज केवढे, त्यात माणसे किती, बंदरात ते किती तास थांबते आणि तिकिटाचे पैसे भरल्यावर आणखी किती भरावे लागतात. मी मरीन इंजिनिअर. नोकरीची अखेरची वर्षे प्रवासी जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. त्यामुळे कोणत्याही जहाजाची आधी मापे बघायची खोड आहे. पत्नीसोबत प्रवासी म्हणून जाऊ लागल्यावर ती अधिकच उपयोगी पडली.

पहिले माप जागेचे. जहाजाचे ग्रॉस टनेज म्हणजे आतल्या बंदिस्त जागेचा हिशेब, ‘टन’ म्हटले तरी वजनाशी त्याचा संबंध नाही. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी जागा किती ते कळते. मुंबईहून २०२१पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे जे ‘एम्प्रेस’ सुटू लागले ते मूळचे १९९० सालचे, फ्रान्समधील सेंट नाझेरच्या गोदीत बांधलेले. टनेज सुमारे ४८,५००, एका केबिनमध्ये दोघे धरले तर प्रवासी साधारण १,६००. म्हणजे भागाकार ३०च्या आसपास. ज्याचा सध्या गाजावाजा आहे ते ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळपास २,४८,७०० टनांचे, पण प्रवासी ५,६१०. तिथे भागाकार ४४. रीजंट कंपनीचे महागडे ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’ सुमारे ५५,००० टनांचे, म्हणजे ‘एम्प्रेस’पेक्षा फार मोठे नव्हे, पण त्यात प्रवासी ७५०च घेतात. भागाकार ७३-७४! महागड्या जहाजावर रांग का नसते, खुर्ची अडवायला पहाटे टॉवेल टाकून का यावे लागत नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. गोव्यापर्यंतच्या दोन-तीन दिवसांच्या मौजेसाठी ३०ही पुरतात. नातवंडे बरोबर असतील तर गर्दीचीच मजा असते. पण माणशी पाच-सहा लाख मोजणाऱ्याला हा भागाकार आधी कळायला हवा, आणि तो काढायला चौथीचे गणित पुरते.

केबिनबद्दल लेखात फक्त ‘बाल्कनी घ्या’ एवढा सल्ला आहे. बाल्कनी चांगलीच, पण कुठली? ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर केबिन घ्यावी. जहाज नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि पिछाडीकडे सर्वांत जास्त वरखाली होते आणि जितके उंच जावे तितका झोल वाढतो. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. ते डावी-उजवीकडचे डोलणे आवरतात, नाळेची उठबस नाही. आणि जहाज वेगात असेल तरच नीट काम देतात. एजंट ‘आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहे, काही जाणवणार नाही’ असे म्हणाला की हसून सोडून द्यावे.

दुसरे, केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते डेकच्या नकाशात बघावे. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत ढोल. नाळेजवळ झोपलात तर नांगराची साखळी आणि बो थ्रस्टर (जहाज धक्क्याला लावताना नाळ बाजूला ढकलणारा पंखा) तुम्हाला बंदर आल्याची वर्दी देतील. दोन्हींकडे केबिनच असलेली जागा सर्वांत शांत. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त मिळते, पण तिचा नंबर कंपनी ठरवते. आणि नकाशात ‘ऑब्स्ट्रक्टेड’ लिहिलेले असेल तर खिडकीसमोर समुद्राऐवजी लाइफबोटीचे पोट दिसण्याची तयारी ठेवावी.

आता बंदरांकडे येतो, कारण आपल्या लोकांची खरी निराशा तिथे होते. माहितीपत्रकात ‘रोम’ लिहिलेले असते. जहाज लागते चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुढे साधारण ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास २०० किलोमीटर. सकाळी सातला जहाज लागून संध्याकाळी सातला सुटणार असेल तर उतरणे, बस, परतीची बस आणि तासभर आधी जहाजावर हजेरी हे सगळे वजा जाता रोम उरते पाच-सहा तासांचे. व्हेनिसची तऱ्हा आणखी वेगळी. ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरील जहाजांना तिथल्या प्रसिद्ध सॅन मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. डेकवर उभे राहून व्हेनिस डोळ्यांसमोरून सरकताना बघायचे तो जमाना गेला. कित्येक ‘व्हेनिस’ सफरी आता रॅव्हेना किंवा ट्रिएस्टेला लागतात.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला तर मोठ्या जहाजासाठी धक्काच नाही. जहाज बाहेर थांबते, छोट्या टेंडर बोटीतून कड्याच्या पायथ्याशी नेतात. वर जायला केबल कार, तिची रांग मोठी असेल तर जवळपास ६०० पायऱ्या किंवा खेचर. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला हे घरीच कळायला नको का? समुद्र खवळला तर टेंडर रद्द होते, बंदर गाळले जाते, आणि करारातच तशी मुभा असल्याने भरपाई म्हणून सहसा बंदराच्या शुल्कापलीकडे काही हाती पडत नाही. ‘दहा दिवसांत आठ बंदरे’ वाचून भुलू नये. पाच बंदरे आणि त्यांतल्या एक-दोन ठिकाणी रात्रीचा मुक्काम, अशी सफर मी कधीही पसंत करीन.

पैशांचे म्हणाल तर छापलेला दर एका केबिनमध्ये दोघे धरून माणशी असतो. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेक वेळा दुप्पटीच्या जवळपास मोजावे लागते. निवृत्त वाचकांत जोडीदार गमावलेले किती तरी आहेत, त्यांच्यासाठी हे एक वाक्य तरी लेखात हवे होते. मोठ्या अमेरिकी जहाजांवर टिप रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर, तीही आपोआप खात्यात पडते. वाय-फाय, पेये, बंदरावरच्या सहली निराळ्या. रीजंट, सीबोर्न, सिल्व्हरसी या कंपन्यांच्या भाड्यात पेये आणि टिप धरलेली असते. त्यामुळे दोन सफरींची तुलना करताना सगळे खर्च मिळवून दिवसाला माणशी किती पडतात तेच बघावे. अर्थात ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याने शॅम्पेनचे पैसे आधीच भरून ठेवण्यात काय हशील, हाही हिशेब करावा. जहाजावरच्या डॉक्टरचे बिल वेगळे येते आणि ते झोंबते. विम्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघावे. सफर तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणार असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा) एकापेक्षा अधिक प्रवेशांचा लागतो, हेही.

लेखात ‘हसतमुख कर्मचारी’ असा उल्लेख दोनदा आहे. त्या हसतमुखांत गोव्याची आणि आपल्या कोकणातली मुले पुष्कळ असतात. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. किती प्रवाशांमागे एक कर्मचारी आहे, हे मापही कंपन्या स्वतः छापतात. ‘आयकॉन’वर साधारण अडीच प्रवाशांमागे एक, ‘एक्सप्लोरर’वर दीडहूनही कमी प्रवाशांमागे एक. सेवा चांगली मिळण्याचे रहस्य संस्कारांत कमी आणि या आकड्यात जास्त आहे. कोणी खात्यातून टिप काढून टाकायला रिसेप्शनवर जात असेल तर त्याने हे आधी वाचावे.

सुरक्षेची कवायत प्रवाशांना कटकट वाटते. १३ जानेवारी २०१२ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ याच चिवितावेक्कियाहून सुटून त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची सवड होती. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. स्वच्छतेसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे तपासणी अहवाल सर्वांना खुले आहेत. तिथल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना १००पैकी गुण देतात, ८६पेक्षा कमी मिळाले तर नापास. बुकिंग करण्यापूर्वी दोन मिनिटे काढून ते पाहावेत.

संपादक महोदय, यापुढे क्रूझवरचा लेख छापताना शेवटी एक छोटी चौकट द्यावी, अशी विनंती आहे. जहाज कोणत्या साली बांधले, टनेज, प्रवासी, कर्मचारी, प्रत्येक बंदराचे खरे नाव आणि तिथले तास, भाड्यात काय धरले आहे आणि काय नाही. या गोष्टी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतात, फार शोधावे लागत नाही. आणि लेखकाची सफर कंपनीच्या खर्चाने झाली असेल तर तेही त्याच चौकटीत लिहावे.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, रत्नागिरी