रंग बदलणारी पट्टी आमच्या टाकीपर्यंत यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीवसृष्टीकडून धडा घेऊन घडवलेल्या, रंग बदलून प्रदूषण दाखवणाऱ्या पॉलिमर (रेणूंच्या लांब साखळ्यांच्या) पटलांवरचा आपला लेख मी कापून ठेवला आहे. मी ३० वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, राहते धायरीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तेव्हा सोसायटीने टाकीचं पाणी तपासायला दिलं. अहवाल पाचव्या दिवशी हाती आला. तोवर आम्ही पाणी उकळून पीत होतो. कामाला येणाऱ्या मावशी त्यांच्या घरी काय पीत होत्या, हे मीसुद्धा विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

जिवाणू वाढवून बघायचे तर २४ ते ४८ तास जाणारच. म्हणून या पटलांचं मला मोल वाटतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पॉलिडायअ‍ॅसिटिलीन नावाच्या पॉलिमरचं पटल तसंच बोलतं. त्याची ठेवण पेशीच्या आवरणासारखी, रंग निळा. त्यावर बसवलेल्या शर्करेला विषाणू चिकटला की रेणूंच्या साखळीवर ताण येतो आणि पटल लाल होतं. अमेरिकेत १९९३ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर हे दाखवलं गेलं. दुसरी तऱ्हा मोदकाच्या साच्याची: हव्या त्या रेणूभोवती पॉलिमर घट्ट होऊ द्यायचं, मग रेणू धुऊन काढायचा. मागे उरलेल्या खोबणीत पुन्हा तोच नेमका बसतो. शरीरातली प्रतिपिंडंही अशीच आकारावरून ओळख पटवतात.

लेखात एक गोष्ट मात्र राहून गेली. ते निळं पटल नुसत्या उष्णतेनंही लाल होऊ शकतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या झाकणाला हात लावून बघा, चटका बसतो. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं, शिवाय त्यात क्लोरीन असतंच. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात खरी उतरलेली अशा पटलाची पट्टी इथे फसवू शकते, आणि खोटा लाल रंग दोनदा दिसला की तिसऱ्यांदा कुणी लक्ष देणार नाही.

पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे, जवळच आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. पॉलिमर कोळून प्यायलेली माणसं याच शहरात आहेत. त्यांनी आणि महापालिकेने मिळून येत्या पावसाळ्यात धायरी, किरकटवाडी, नांदेड गावातल्या काही टाक्या निवडाव्यात. पट्टी आणि नेहमीची तपासणी शेजारी शेजारी करावी, पट्टी किती वेळा चुकली तेही मराठीत छापावं. अहवालाची जागा पट्टीने घ्यावी असं माझं म्हणणं नाही. अहवाल येईपर्यंतचे ते पाच दिवस तेवढे आंधळे जाऊ नयेत.

आमच्या सोसायटीची टाकी यासाठी द्यायला आम्ही तयार आहोत. रोज सकाळी ७ वाजता, पंप सुरू व्हायच्या आधी, पट्टीचा रंग बघून वहीत नोंद करायचं काम मी करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, धायरी, पुणे